सवतीची पाठवणी

निवृत्तीनंतर आमच्या ह्यांना एखादा छंद हवा, असं मीच म्हटलं होतं. चूक माझी आहे, मला मान्य आहे. माझ्या मनात कुंड्या होत्या, फार तर बुद्धिबळ. बत्तीस वर्षं बस चालवलेला माणूस घरी बसला तर दिवसभर माझ्या कामात नाक खुपसेल, एवढीच मला धास्ती. ह्यांनी कुठूनतरी रुळाचा दोन हात लांब तुकडा आणला, मागच्या शेडमध्ये ठेवला आणि जाहीर केलं, "मी लोहारकाम शिकणार."

"कोणाकडून?" मी विचारलं.

"लोखंडाकडून."

असली उत्तरं प्रवाशांना चालत असतील. मी पुढे काही विचारलं नाही, आणि ते फार महागात पडलं. पहिल्याच महिन्यात माझा केस वाळवायचा ड्रायर गेला. बसच्या चाकातला जुना ब्रेकड्रम उलटा ठेवून ह्यांनी भट्टी केली, तिच्या खाली नळी बसवली, आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला माझा ड्रायर. भट्टीला वारा लागतो म्हणे. मग आलं जळणाचं प्रकरण. आधी लाकडी कोळसा. तो तडतडायचा, आणि दोरीवर वाळणाऱ्या माझ्या सहा टॉवेलांना ठिणग्यांनी भोकं पडली. मग दगडी कोळसा. त्याचा वास पडद्यांत बसला आणि काजळी माझ्या कानांत. कोळसा कसा आहे हे बघायला हे खडा हातात घेऊन, दुसऱ्या खड्यावर आपटून, कान देऊन ऐकायचे. मी इतकी वर्षं बोलतेय, माझं एवढं मन लावून कधी ऐकलेलं नाही.

आणि मग ती आली. गाड्या दुरुस्त करणारा एक कारखाना बंद पडला, तिथून ऐरण आली. चौघांनी उचलून आणली. आमच्याकडे पलंगसुद्धा दोघांनी आणला होता. ओंडक्यावर तिला बसवली, आणि त्या दिवसापासून रोज संध्याकाळी हे तेलाच्या फडक्याने तिची पाठ पुसायला लागले. माझ्या पाठीला सबंध संसारात एकदा मलम लावलंय, तेही भलत्या जागी. मी तिला सवत म्हणायला लागले ते तेव्हापासून. "सवतीचं झालं का? मग जेवायला या," असं मी मागच्या दारातून ओरडायची, आणि हे मुकाट्याने हात धुऊन यायचे.

माझ्याबद्दलही थोडं सांगते, कारण पुढे त्याचं काम आहे. मी सव्वीस वर्षं दोरे आणि अस्तराच्या दुकानात काउंटरवर होते. गिऱ्हाईक कापडाचा नखाएवढा तुकडा दाखवायचं, आणि मी मागे हात घालून जुळणारं रीळ काढायची. नुसत्या पांढऱ्याच्या आमच्याकडे अकरा छटा होत्या. कंपनीचे आकडे कोणाच्या लक्षात राहणार? म्हणून मी त्यांना नावं ठेवली होती: चुना, मीठ, कापूस, दूध, साय, अशी. शिंपला सगळ्यात अवघड. त्यात किंचित करडी झाक असते, ती उजेडात आणली तरच दिसते. दुकान सोडताना मालकांनी सगळ्या रंगांचं एकेक रीळ घालून मला एक पेटी दिली. ती अजून माझ्या कपाटात आहे.

हेही सांगून टाकते. तीन वर्षांपूर्वी मी केस रंगवणं सोडलं. कंटाळा आला. शेजारणी बोलल्या, बहीण बोलली, भाजीवालीसुद्धा बोलली. आमचे हे एका शब्दाने बोलले नाहीत. मी पण विचारलं नाही, पण मनात ठेवलं.

तर, ह्यांचा हात हळूहळू बसला. आकडे झाले, बिजागऱ्या झाल्या, आणि मग पटाशा झाल्या. पटाशी म्हणजे सुताराची सपाट छिन्नी. ह्यांची थोरली बहीण, म्हणजे माझ्या नणंदबाई, लाकडावर कोरीवकाम करतात, दारावरच्या पाट्या, पेट्यांची झाकणं. भावाने बसच्या चाकांवर दणके सोसणाऱ्या कमानीच्या पाट्यापासून केलेली पहिली पटाशी त्यांनी हातात घेतली, लाकडावर चालवली आणि म्हणाल्या, "अरे, ही तर लोण्यातून जातेय!" त्या दिवसापासून दुसऱ्या कोणाची पटाशी त्यांनी वापरली नाही. हे आठवडाभर जमिनीला पाय न लावता चालत होते.

आणि त्याच पटाशांनी गेल्या वर्षी घात केला. एका बुधवारी नणंदबाई आल्या, रुमालाची गाठ सोडली आणि टेबलावर तीन पटाशा ठेवल्या. तिन्हींच्या धारेचे टवके उडालेले.

"दातांचा दवाखाना काढलास का रे?" त्या म्हणाल्या. त्यांची थट्टा अशीच असते, त्यावर हे नेहमी हसतात. त्या दिवशी हसले नाहीत. चार महिन्यांत हे तिसऱ्यांदा झालं होतं. आधी ह्यांनी पाट्याला दोष दिला, मग कोळशाला, मग तेलाला. सगळं बदलून झालं होतं. नणंदबाईंच्याही ते लक्षात आलं असावं. त्या आवाज खाली आणून म्हणाल्या, "तू दमू नकोस, बाबा. आता मी दुकानातून आणते."

दुकानातून. ह्यांना थोबाडीत मारली असती तरी एवढं लागलं नसतं.

नणंदबाई गेल्यावर हे बराच वेळ त्या टवक्यांवरून अंगठा फिरवत बसले. मग मला समजावून सांगितलं, आठ वर्षांत पहिल्यांदा नीट. पटाशी तापवून तेलात बुडवली की ती कडक होते. त्याला पाणी देणं म्हणतात. पण नुसती कडक पटाशी काचेसारखी फुटते. म्हणून ते पाणी थोडं उतरवायचं. तिला घासून चकचकीत करायची आणि मागच्या बाजूने हळूहळू पुन्हा तापवायची. मग त्या चकाकीवर रंग चढत येतात. आधी पिवळा, मग तपकिरी, जांभळा, शेवटी निळा. धारेवर पिवळा पोचला की लगेच पाण्यात. उशीर झाला तर धार मऊ पडते, घाई झाली तर टवका उडतो.

"मी पिवळा बघूनच बुडवतो," हे म्हणाले. "आठ वर्षं तसंच करतोय. आता जमत नाही, एवढंच. पटाशीचं काय घेऊन बसलीस, माझंच पाणी उतरलं."

आणि उठून ह्यांनी बेकरीवाल्याला फोन लावला. हा ह्यांच्या रविवारच्या मंडळींतला. आठवडाभर पाव भाजतो आणि रविवारी आमच्याकडे येऊन लोखंड बडवतो. हे त्याला म्हणाले, "रविवारी गाडी घेऊन ये. ऐरण घेऊन जा. वापर चांगली."

म्हणजे सवत चालली. मी आनंदाने नाचायला हवं होतं. गुरुवारी शेडमधून आवाज आला नाही. दुपारी मी आडवी झाले तर झोप येईना. आठ वर्षं ठाण ठाण ऐकत झोपायची सवय. हे खिडकीपाशी खुर्ची टाकून बसले होते. बाहेरही बघत नव्हते आणि आतही नाही. चहा दिला तर प्यायले, नाही दिला तर मागितला नाही. बत्तीस वर्षं बस चालवून घरी आलेला माणूस इतका म्हातारा दिसला नव्हता. मला भीती वाटली, सरळ सांगते. ऐरण गेली तर हा माणूस तिच्या मागोमाग हळूहळू जाईल, असं वाटलं.

त्यात मी गादीवर धुतलेली चादर घालत होते, तर खुर्चीतून म्हणतात, "ही बदामी चादर कधी आणलीस?"

"बदामी? पांढरीशुभ्र आहे! मी स्वतः नीळ घालून धुतलीय!"

"बरं, पांढरी," हे म्हणाले. वादसुद्धा घातला नाही. धुण्यावरून मला टोमणा मारला असं वाटून मी संध्याकाळपर्यंत तोंड फुगवून बसले. एवढी सव्वीस वर्षं रंगांत काढलेली बाई मी, आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

तो शुक्रवारी पडला. उशीचा अभ्रा शिवत होते, पेटी ह्यांच्याजवळ होती. म्हटलं, "जरा पांढरं रीळ द्या." ह्यांनी दिलं. ते पांढरं नव्हतं. दुकानात ज्याला आम्ही गवती म्हणायचो, वाळलेल्या गवताचा फिकट पिवळा, ते होतं. मी रिळाकडे बघितलं, चादरीकडे बघितलं, आणि माझ्या हातातली सुई खाली पडली.

मी टेबलावर सहा रिळं मांडली. मीठ, दूध, साय, लोणी, गवती, मध. "ह्यातलं पांढरं कुठलं?"

"हा काय पोरखेळ?"

"सांगा हो!"

ह्यांनी जवळून बघितलं, लांबून बघितलं. मग पहिल्या पाचांवरून बोट फिरवून म्हणाले, "हे सगळे एकच आहेत. पिवळट पांढरे. हा शेवटचा पिवळा."

"अहो!" मी इतक्या जोरात ओरडले की शेजारच्यांची खिडकी उघडली. "तुमचं पाणीबिणी काही उतरलेलं नाही! डोळे पिकलेत तुमचे! मोतीबिंदू! तुम्हाला सगळंच पिवळं दिसतंय. पटाशी पांढरी असतानाच तुम्ही तिला बुडवताय!"

मला वाटलं, उडी मारतील. कसलं काय. हे ताठ बसले. "माझ्या डोळ्यांबद्दल बोलू नकोस. बत्तीस वर्षांत एक ओरखडा नाही माझ्या गाडीला. दर वर्षी डोळे तपासून घ्यायचे आमचे."

"निवृत्त होऊन किती वर्षं झाली? त्यानंतर किती वेळा तपासले?"

हे रागारागाने उठून शेडमध्ये गेले आणि ऐरणीला तेल लावायला लागले, पाठवणीच्या तयारीचं. शनिवारभर आमचं बोलणं 'मीठ द्या', 'दार लावा' एवढंच. डोळे गेले हे मान्य करण्यापेक्षा हात गेले म्हणणं ह्यांना सोपं वाटत होतं. तिथेच अडलं होतं सगळं.

रविवारी सकाळी मी हे उठायच्या आत शेडमध्ये गेले आणि भट्टी पेटवली. आठ वर्षं कुरकुर करत का होईना, बघितलेलं होतं. वारा जास्त सोडला आणि राख थेट तोंडावर घेतली ते सोडा, पण पेटवली. फळीवर ह्यांनी अर्धवट टाकलेली एक पटाशी होती, ठोकून आकाराला आणलेली, पाणी न दिलेली. ती काढून ठेवली. मग बेकरीवाल्याच्या गाडीचा हॉर्न वाजला तशी मी जाऊन ऐरणीवर बसले.

हे आणि बेकरीवाला शेडच्या दारात आले आणि तिथेच थबकले.

"वहिनी," बेकरीवाला म्हणाला, "ती ऐरण..."

"माहीत आहे. न्यायची आहे ना? आधी ह्यांनी ती पटाशी करायची. रंग मी सांगणार. मी सांगेन तेव्हाच बुडवायची. मग तिचा टवका उडाला तर आम्हा दोघींना उचलून गाडीत टाका."

"अगं, उतर खाली. काहीतरीच काय!" हे म्हणाले.

"नाही उतरणार. लोखंड फार गार आहे, मला सर्दी होईल, आणि ते पाप तुमच्या माथी."

बेकरीवाला जमिनीकडे बघून हसत होता. ह्यांनी माझ्या राखेने भरलेल्या तोंडाकडे बघितलं, भट्टीकडे बघितलं. "वारा कमी कर, कोळसा फुकट जातोय," एवढंच म्हणाले आणि भिंतीवरचा चामड्याचा एप्रन काढून गळ्यात घातला.

पटाशी लाल झाली, तिला चुंबक चिकटेनासं झालं, तशी ती तेलात गेली. तिथपर्यंत डोळ्यांचं काम नव्हतं, सगळं बिनचूक झालं. मग ह्यांनी ती घासून चकचकीत केली. लाल तापवलेल्या एका जाड ठोकळ्यावर तिची मागची बाजू ठेवली, आणि शेडचं दार लोटून घेतलं. उन्हात रंग फसवतात म्हणून हे काम दार लोटून करतात. एकट्याने करतात. म्हणून तर इतके दिवस कोणाला कळलं नाही.

आम्ही तिघं वाकून बघत होतो. थोड्या वेळाने ह्यांनी सांडशी सरसावली. "आला पिवळा."

"नाही."

"धारेपर्यंत आलाय!"

"काही आलेलं नाही. मीठ आहे अजून. थांबा."

ह्यांची सांडशी पाण्याकडे निघाली आणि अर्ध्यात थांबली. मी समजू शकते. स्वतःच्या डोळ्यांना धडधडीत दिसतंय ते खोटं म्हणायचं आणि बायको म्हणते ते खरं मानायचं. ह्यांनी बेकरीवाल्याकडे बघितलं.

"वहिनी बरोबर आहेत," तो हळूच म्हणाला. "ह्या पावाला अजून रंगच चढलेला नाही."

 ह्यांनी पाण्याकडे निघालेली सांडशी मागे घेतली. मी सांगत गेले. "मागे मध आलाय. धारेवर दूध. आता साय. लोणी. थांबा, थांबा हो, घाई नको. मागे वांगी दिसायला लागला. धारेवर गवती येतोय, डाव्या कोपऱ्यात राहिलाय. आता आला. आता!"

चर्र झालं. शेडमध्ये वाफ झाली.

ह्यांनी धार लावली. ओंडक्याच्या बाजूला एक गाठ होती, दगडासारखी. तिच्यावर पटाशी ठेवून ह्यांनी हातोडा घातला. एकदा, तीनदा, दहादा. मग पटाशी दारापाशी नेऊन अंगठ्याने धार बघितली. डोळ्यांनी नाही, अंगठ्याने. धार जशीच्या तशी होती. हे आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. बेकरीवाला म्हणाला, "मी निघतो. गाडीत पाव आहेत, शिळे होतील," आणि रिकाम्या गाडीनेच गेला.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दोन्ही पिकलेत, इतके दिवस कसं चालवलंत? हे म्हणाले, "बायको चालवत होती." ऑपरेशनची तारीख तीन आठवड्यांनंतरची मिळाली. त्या तीन आठवड्यांत आम्ही चार पटाशा केल्या. ठोकायचं ह्यांनी, रंग माझा. नणंदबाईंनी त्या चालवून बघितल्या, धार जिभेला लावायची तेवढी बाकी ठेवली, आणि दुकानातून आणलेली पटाशी रंगाचे डबे ढवळायला ठेवून दिली.

मग एक डोळा झाला. पट्टी काढल्यावर हे घरभर फिरले. चादर बघून म्हणाले, "पांढरी आहे खरी." मग माझ्याकडे बघितलं. बघतच राहिले. काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. केसांबद्दल तेव्हाही एक अक्षर नाही. मी पुन्हा मनात ठेवलं. तिथे आता जागा कमी पडायला लागली होती. पाच आठवड्यांनी दुसरा डोळा झाला. मधल्या काळात भट्टीजवळ जायची बंदी, म्हणून हे माझी रिळांची पेटी मांडीवर घेऊन बसायचे. एक रीळ काढायचे, त्याचं नाव मला विचारायचे, खिडकीशी न्यायचे, ठेवायचे. म्हटलं, माणसाला करमत नाही, खेळू दे.

बंदी उठली त्या सकाळी मी स्वयंपाकघरात मटार सोलत होते. शेडमधून ठाण ठाण सुरू झालं, मग थांबलं, मग दार लोटल्याचा आवाज आला. ती शांतता आता माझ्या ओळखीची होती. रंग चढत असणार. मी हात पुसून उठलेसुद्धा, आणि मग आठवलं की आता माझं तिथे काम नाही. ह्यांना दिसतंय. मी परत बसले. वाईट वाटलं मला. चांगलं झालं म्हणून देवाचे आभार मानावेत, तर डोळ्यांत पाणी. मटारांचा कचरा करून ठेवला मी.

"अगं ए!" शेडमधून हाक आली. "ये ना लवकर! रंग आलाय!"

मी धावत दारात गेले. "तुम्हाला दिसत नाहीये का?"

"दिसतंय की. पण मी नुसतं पिवळं म्हणतो. नाव तू सांगायचं."

दार मी उघडलं होतं, ऊन माझ्या मागून येत होतं. हे सांडशी धरून माझ्याकडे बघायला लागले, तसेच, पट्टी काढली त्या दिवशीसारखे.

"सापडलं," हे म्हणाले. "शिंपला."

"काय शिंपला?"

"तुझे केस. पट्टी निघाल्यापासून शोधतोय. आधी वाटलं मीठ, पण मीठ नाही. कापूस नाही. त्यात थोडा करडा आहे, उजेडातच दिसतो. शिंपलाच ना?"

मी केस कानामागे सारले. आणि म्हटलं, "दोन वर्षं झाली पांढरे होऊन. तेव्हा काही बोलला नाहीत ते?"

"मला मधाच्या रंगाचे दिसायचे. वाटलं, नवीन रंग लावतेस. चांगला दिसत होता. काही बोललो तर सोडून देशील, म्हणून गप्प राहिलो."

"आणि आता?"

"आता हा चांगला दिसतो."

मी खाली बघितलं ते फक्त ह्यांना माझं तोंड दिसू नये म्हणून, आणि ओरडले, "अहो, पटाशी!"

गवती कधीच निघून गेला होता. मध गेला, वांगी गेला, धारेपर्यंत सगळी पटाशी निळी झाली होती. हे तिच्याकडे बघून हसायला लागले. एवढी मऊ धार लाकडावर चालायची नाही, पण निळं लोखंड वाकतं, तुटत नाही. ती आता माझ्या स्वयंपाकघरात असते. घट्ट बसलेली डब्यांची झाकणं उचकटायला तिच्यासारखं दुसरं काही नाही.